वरंब्याखालचं चॅपेल

५ जानेवारी, सोमवार

नवी वही. नवी साइट. नवे बूट. उजव्यात पाणी शिरतं. डावा उत्तम आहे.

साइट म्हणजे नेदर कॉल्डबी गावाबाहेरचं कुरण. इथे घरांची कॉलनी व्हायची आहे. त्याआधी जमिनीखाली काही जुनं आहे का, हे चर खणून बघायचं. ही आमची नोकरी. कुरणभर मध्ययुगातली नांगरट आहे, वरंबे आणि सऱ्या. सातशे वर्षांपूर्वी गावची कुळं बैल जुंपून नांगरायची, माती दरवर्षी मधोमध चढवायची. पुढे मेंढ्या आल्या, गवत आलं, आणि नांगरट आहे तशी गवताखाली झोपली. चालताना होडीत बसल्यासारखं खालीवर होतं. आयुष्यात असले वरंबे इतके पाहिलेत की मला आता ते दिसतही नाहीत.

संकल्प. साइटवर गोड खायचं नाही. गावकऱ्यांशी बोलायचं नाही. कुणी काही विचारलं तर ‘रिपोर्टमध्ये येईल’ एवढंच. आणि निवृत्तीच्या आत एक शोध असा लावायचा की ऑफिसातल्या लोकांनी माझं नाव खाली मान घालून घ्यावं.

आग्न्येश्काला शेवटचा संकल्प सांगितला. ती पोलंडची, माझ्या हाताखाली गेली कित्येक वर्षं. म्हणाली, क्लेमंट, तू आधी बुटाचं बघ.

६ जानेवारी, मंगळवार

चुंबकीय सर्वेक्षणाचा नकाशा आला. जमिनीच्या पोटात काय आहे ते यंत्राला कळतं. बघणाऱ्याला अक्कल असावी लागते. सगळीकडे वरंब्यांचे पट्टे, झेब्र्यासारखे. कंटाळवाणे. पण ईशान्य कोपऱ्यात एक काळा ठिपका. गोलसर. मोठा. त्याला पूर्वेकडे जरा फुगवटा.

पूर्वेकडे फुगवटा! चॅपेल म्हणजे लहानसं चर्च, आणि त्याची वेदी पूर्वेलाच असते. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आग्न्येश्का म्हणाली, एवढा काळा ठिपका म्हणजे लोखंड. कुणीतरी भंगार पुरलेलं असणार. मी तिला समजावलं की उपजत जाण नावाची एक गोष्ट असते. ती म्हणाली, असते ना, माझी सांगतेय की भंगार आहे.

दुपारी कुंपणाशी एक बाई आल्या. रोझमंड हॅथर्ली. पूर्वी गावचं पोस्ट ऑफिस चालवायच्या, आता विधवा आहेत आणि ‘कुरण वाचवा’ समितीच्या अध्यक्ष. घर कुरणाच्या अगदी उताराला. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील, पण डोळे तरतरीत. त्यांनी विचारलं, काही सापडेल का हो मिस्टर स्टॅनियन? मी म्हणालो, रिपोर्टमध्ये येईल. त्या म्हणाल्या, बरं, आणि डबा उघडला. फ्रूट केक.

नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. दोन तुकडे खाल्ले. तोंडात केक असताना एवढंच बोललो की ईशान्य कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. याला बोलणं म्हणत नाहीत.

८ जानेवारी, गुरुवार

बिल्डरचा माणूस आला, गॅविन ट्रॉट. पिवळं जॅकीट इतकं स्वच्छ की डोळे दिपतात. मला ‘राजा’ म्हणतो. म्हणाला, राजा, चरांच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या वरंब्यांवर आडव्या आहेत, तेवढे खण, भर, आणि मोकळा हो. तुझ्या त्या कोपऱ्यात चर नाही, तिथे आमचं तळं येणार आहे.

मी कणखर राहिलो. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो की शास्त्राच्या आड येऊ नका. बहुधा मनात म्हणालो. पण चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण तो जाताना जरा घाईने गेला.

आग्न्येश्काच्या मते त्याला फोन आला होता.

१३ जानेवारी, मंगळवार

खणाई सुरू. डिगरवर नेव्हिल. गडी चांगला आहे, पण मशीनच्या केबिनमध्ये बसून पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मटणाची मोठी कचोरी, खातो आणि तो वास खाली येतो.

पहिला चर. चिकणमाती. दुसरा चर. चिकणमाती आणि पाणी. तिसऱ्यात आजोबा-पणजोबांच्या काळातले निचऱ्याचे खापरी नळ. नेव्हिलने एक फोडला, मग चरात तळंच झालं. एक खापराचा तुकडा मिळाला, नखाएवढा, मध्ययुगीन. खत टाकताना शेतात आलेला उकिरड्याचा कचरा.

आग्न्येश्का मात्र खुशीत. दिवसभर वरंब्याच्या कापलेल्या तोंडाशी बसून थापीने माती खरवडत होती. म्हणे इथे नांगरटीचे थर एकावर एक दिसतात, असे तिने कुठे पाहिले नाहीत. म्हणे बघ, वरंबे सरळ नाहीत, दोन्ही टोकांना वळलेत, आठ बैल वळवायला जागा लागायची म्हणून. मी म्हणालो, ठाऊक आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे. म्हणाली, हो, मग पुढच्या वर्षी विसरतात.

पायाला सर्दी झाली असं काही असतं का? उजव्या पायाला झालीय.

१५ जानेवारी, गुरुवार

धाडस केलं. डॉ. फिलिपा वेन यांना पत्र धाडलं. जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकारी त्याच. चर कुठे खणायचे आणि काम पुरेसं झालं की नाही, हे त्यांच्या हातात. गॅविनसुद्धा त्यांच्यासमोर ‘राजा’ म्हणत नाही.

पत्र फर्मास जमलं. उरलेले सगळे चर वरंब्यांवरून उचलून ईशान्य कोपऱ्यात न्यावेत, असं सुचवलं. कारणही जोरदार दिलं. ते वाक्य इथे उतरवून ठेवतो, कारण असं वाक्य रोज जमत नाही: ‘ही नांगरट या जिल्ह्यात पायलीला पन्नास मिळेल, तिच्यासाठी वेळ दवडणं म्हणजे देवळाच्या दारात उभं राहून पायपुसण्याची तारीफ करणं होय.’

आग्न्येश्काला वाचून दाखवलं. ती गप्प राहिली. भारावली असावी. मग म्हणाली, पायपुसणं खोडून टाक. मी खोडलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

परवानगी आली! डॉ. वेन लिहितात, ‘जागेवर तुम्ही आहात, तुमच्या निर्णयावर विसंबते.’ बघा. विसंबते! गॅविनही नरमला. म्हणाला, राजा, वरंब्यांचं काम संपल्याचं तू लेखी देत असशील तर तळ्याच्या जागी हवं तेवढं खण, आमचं खणायचं काम वाचेल. विरोधकालाही पटतं ते सत्य.

मशीन कोपऱ्यात न्यायचं तर मधले सगळे वरंबे ओलांडून जावं लागतं. पाऊस. नेव्हिल म्हणाला, चाकं रुततील. मी म्हणालो, रुतू देत.

रुतली. उकरून काढता काढता वरंब्यांच्या मधोमध चांगला कालवा झाला. आग्न्येश्का कुंपणापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. सिगारेट सोडून तिला बरेच दिवस झाले होते.

२३ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये समितीची सभा. मला बोलवलं होतं. जायचं नाही असं ठरवून गेलो, मागे बसायचं असं ठरवून पुढे बसलो, बोलायचं नाही असं ठरवून उभा राहिलो. काय करणार? रोझमंडबाईंनी सगळ्यांसमोर ‘आपले मिस्टर स्टॅनियन’ म्हटलं.

आपले!

गावकऱ्यांचं चाललं होतं निचऱ्याबद्दल. पावसाचं पाणी सऱ्यांतून वाहत ओढ्याला जातं. वरंबे सपाट केले की तेच पाणी उताराच्या घरांत शिरेल, म्हणजे पहिलं रोझमंडबाईंच्या स्वयंपाकघरात. त्यासाठी पाण्याचा एक तज्ज्ञ गाठून हरकत नोंदवायची, महिनाअखेरच्या आत. कुणी म्हणालं, तज्ज्ञही आणायचा आणि पुरातत्त्वाचाही लढा द्यायचा, दोन्ही आपल्याला झेपणार नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, मंडळी, दोन दगडांवर पाय कशाला? या कुरणाखाली चॅपेल आहे. ते वर आलं की इथे एक वीट चढणार नाही.

 काय टाळ्या! एक म्हातारे गृहस्थ रडलेच. रोझमंडबाईंनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. त्यांचा हात गार होता. माझाही असेल.

तज्ज्ञाला नको म्हणून कळवायचं ठरलं.

घरी येताना पाऊस थांबला होता. शीळ घालत आलो. खूप दिवसांनी.

२७ जानेवारी, मंगळवार

पाऊस. पंप आणला. पंप बंद पडला. दुसरा आणला, त्याने पाणी चरातून उपसून शेजारच्या चरात टाकलं. दिवसभर हेच.

आग्न्येश्का म्हणाली, तू त्या बाईंना नक्की म्हणालास? मी म्हणालो, शास्त्रज्ञ ‘नक्की’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘बहुधा’ असतो. तिने विचारलं, हे त्यांना माहीत आहे का? मी म्हणालो, रिपोर्टमध्ये येईल.

ती हसली नाही. तिची विनोदबुद्धी पोलंडची आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लाल माती!! कोळसा!! राख!!

ठिपक्यावरचं गवत काढलं आणि खाली भाजलेली माती, विटेसारखी लाल. मोठा जाळ.  चॅपेल जळालं होतं, हे माझ्या ध्यानात का आलं नाही? जळालं, म्हणूनच कुठल्या दप्तरात त्याचा उल्लेख नाही. दप्तरही त्यातच जळालं असणार. किती व्यवस्थित बसतं सगळं!

वर्तमानपत्राला फोन केला. म्हणजे त्यांनी केला. मी केल्यावर त्यांनी उलट केला.

गोड न खाण्याचा संकल्प आज स्थगित. नेव्हिललाही केक दिला. त्याने विचारलं, चॅपेलमध्ये खिळे एवढे कशाला? मी म्हणालो, लाकडी छत. तो म्हणाला, अच्छा, आणि परत केबिनमध्ये चढला.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी लोखंड लागलं. मोठं. ओतीव. एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला वळण घेतलेलं, वीणेसारखं. आत आडवे पट्टे. मी ओळखलं, हा चॅपेलच्या गाभाऱ्याचा जाळीदार दरवाजा. बातमीदार येऊन उभा होता, त्याला तसं सांगितलं. फोटोही काढून घेतला. माझा एक हात दरवाजावर.

बातमीदार गेल्यावर आग्न्येश्काने ब्रशने कडा साफ केली.  मग म्हणाली, क्लेमंट, इथे खुंट्या आहेत. ओळीने. मी म्हणालो, बिजागऱ्या. ती म्हणाली, बिजागऱ्यांना तारा गुंडाळलेल्या नसतात. आणि इथे अक्षरं आहेत बघ. मी बघितलं नाही. तिने वाचलं. पियानो बनवणाऱ्याचं नाव होतं आणि खाली गावाचं.

मी म्हणालो, मध्ययुगीन पियानो?

हे मी खरोखर म्हणालो. लिहून ठेवतो, कारण ती हे कुणाकुणाला सांगणार आहे ते माहीत आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रोझमंडबाई बघायला आल्या. चराच्या काठावर उभ्या राहिल्या, खाली वाकून बघितलं, आणि एकदम तोंडावर हात धरला. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या. इतकं हसल्या की आग्न्येश्काला त्यांना धरावं लागलं.

म्हणाल्या, अहो, हा तर शाळेतला पियानो! राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावाने इथे मोठी होळी पेटवली होती. पियानोला कीड लागली होती, तर पोरांनी तोही ढकलत आणला. पेटल्यावर एकेक तार तुटायची आणि सूर निघायचा. सगळं गाव गप्प उभं राहून ऐकत होतं. मी होते, हॅरीही होता. त्याच दिवशी त्याने मला लग्नाचं विचारलं.

मग त्यांचं हसू ओसरलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण मिस्टर स्टॅनियन, याच्या खाली असेल ना काहीतरी?

मी म्हणालो, अर्थात. अजून खोल गेलेलोच नाही.

खोल गेलो. चिकणमाती. आणखी खोल. निळी चिकणमाती. जगातला पहिला मासा पाण्याबाहेर आला तेव्हाची असेल. चॅपेल नाही.

एक गोष्ट मात्र खरी की ठिपका होता. काही नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वर्तमानपत्रात फोटो आला. मथळा: ‘नेदर कॉल्डबीत हरवलेलं चॅपेल सापडलं’. माझा हात पियानोवर. ऑफिसात कुणीतरी तो फोटो चहाच्या किटलीमागे चिकटवलाय आणि खाली लिहिलंय, ‘साथीला: सी. स्टॅनियन’. बालिश माणसं.

समितीच्या कुणा माणसाने पाण्याच्या तज्ज्ञाला परत फोन केला म्हणे. तो म्हणाला, हरकतीची मुदत गेली, आता देवही काही करू शकत नाही. तज्ज्ञांची भाषा जरा टोकाची असते.

आज रोझमंडबाईंच्या घरासमोरून जायचं टाळलं. वेळ नव्हता. मागच्या रस्त्याने गेलो, तो लांबचा आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ. वेन पाहणीला आल्या. उंच, अबोल. मी पियानोबद्दल तयारी केली होती, सामाजिक इतिहास वगैरे. त्यांनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ वरंब्यांत शिरल्या, डिगरने केलेल्या त्या कालव्यापाशी थांबल्या आणि कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

मग विचारलं की वरंब्यांची उंची मोजली का, नकाशा केला का, कुठल्या कुळाचा पट्टा कुठे संपतो ते बघितलं का. मी म्हणालो, चर ईशान्येला हलवले ना आपण. त्या म्हणाल्या, आपण नाही.

जाताना हळू आवाजात सांगितलं. अशी पूर्ण शेतं या जिल्ह्यात जवळपास उरली नाहीत. युद्धानंतर ट्रॅक्टर फिरले आणि सगळं सपाट झालं. हे एक मात्र टोकापासून टोकापर्यंत शाबूत होतं. नीट मांडलं असतंत तर निदान अर्धं कुरण मोकळं सोडा, असं मी बिल्डरला सांगू शकले असते. पण जागेवर तुम्ही होतात, मिस्टर स्टॅनियन.

मी म्हणालो, अजून वेळ आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही वरंब्यांचं काम संपल्याचं लेखी दिलंय.

आग्न्येश्काने चहा आणून दिला. टोमणा मारला नाही. त्याचंच जास्त लागलं.

१२ मार्च, गुरुवार

रिपोर्ट लिहिला. खरं तर आग्न्येश्काने लिहिला. मी शब्दांची छाननी केली. ती त्या एकुलत्या एका नीट कापलेल्या चरावरून जेवढं सांगता येईल तेवढं सांगते. थर, खत, वळणं, बैल. वाचताना मला मधेच चिखलात पाय रुतवून चाललेले बैल दिसले. डोळे चोळले. थकवा.

मी शेवटी एक जोरदार परिच्छेद घातला, की हे वरंबे अत्यंत दुर्मिळ आहेत, जपलेच पाहिजेत. ऑफिसने काढून टाकला. म्हणे जानेवारीतलं तुमचं पत्र फाइलला आहे, एकाच माणसाची दोन मतं कशी पाठवायची?

संकल्प: एप्रिलच्या बैठकीत उभं राहून स्वतः बोलायचं. खणखणीत. सगळं सांगायचं. भाषणाची रोज तालीम. आजची तालीम उद्यापासून.

१४ एप्रिल, मंगळवार

कौन्सिलची प्लॅनिंग बैठक. सगळं गाव आलं होतं. रोझमंडबाई चांगला कोट घालून पहिल्या रांगेत. मला बघून शेजारची खुर्ची रिकामी केली. आज बसलो नसतो तर बरं, पण मागून लोक ढकलत होते.

गावातर्फे त्याच बोलल्या. पाण्याबद्दल बोलायला लागल्या, तर अध्यक्ष म्हणाले, मॅडम, या विषयावर मुदतीत हरकत आलेली नाही. त्या अडखळल्या. कागद उलटला. मग म्हणाल्या, या शेताखाली आमची माणसं आहेत, ज्यांनी ते नांगरलं ती. कौन्सिलचे लोक घड्याळाकडे बघत होते.

मग गॅविन उठला. टाय लावून. गोड आवाजात म्हणाला, शेताच्या महत्त्वाबद्दल आम्ही काही बोलणं बरं नाही, तज्ज्ञांचंच वाचून दाखवतो. आणि माझं पत्र काढलं. पायपुसण्यासकट वाचलं. सभागृहात हशा पिकला. गॅविनला वाचता चांगलं येतं.

मी उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, आपण नाव नोंदवलंय का? नव्हतं नोंदवलं. नोंदवायचं काल होतं, काल मी भाषण पाठ करत होतो. म्हणाले, बसून घ्या.

बसून घेतलं.

हात वर झाले. मंजूर. सगळे भराभर उठले, कारण पुढचा विषय बसथांब्याचा होता आणि त्याला दुसरं गाव आलं होतं.

बाहेर रोझमंडबाई बसची वाट बघत होत्या. मी म्हणालो, गाडीने सोडतो. म्हणाल्या, नको. मग म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलला नाहीत, ते मला माहीत आहे. तुम्हाला खरंच वाटत होतं. माझ्या हॅरीचंही असंच होतं, बरं होण्याची त्याला डॉक्टरपेक्षा जास्त खात्री होती.

बस आली.

१५ एप्रिल, बुधवार

शांतपणे विचार केला. दोष द्यायचा तर पावसाला द्यावा लागेल. किंवा यंत्राला, त्याने पियानोचा ठिपका एवढा काळा दाखवायला नको होता. डॉ. वेननी माझ्यावर विसंबायला नको होतं, अधिकारपदावरच्या माणसाने कुणावर विसंबू नये. आणि गावकऱ्यांनी तज्ज्ञाला सोडायला नको होतं, मी काही त्यांचा हात धरला नव्हता.

हात रोझमंडबाईंनी धरला होता.

आज एवढंच.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. कुरणावरची माती काढायला आजपासून सुरुवात. मशीन मातीचा थर काढत असताना पुरातत्त्वाचा एक माणूस उभा असावा लागतो. ऑफिसने मला पाठवलं. आग्न्येश्का दुसऱ्या कंपनीत गेली, बढती घेऊन. जाताना म्हणाली, बघ काय वाटतं ते. कशाबद्दल ते बोलली नाही.

सकाळी दहिवर पडून गोठलेलं. ऊन तिरकं, जमिनीला टेकलेलं. मी गेट उघडून आत आलो आणि थांबलो.

सऱ्यांत पांढरं दहिवर आणि वरंब्यांच्या माथ्यावर हिरवं गवत, एकाआड एक, लांबच लांब, थेट ओढ्यापर्यंत. सगळे एकदम, एकाच बाजूला, अलगद वळलेले. कुणीतरी हाताने विंचरल्यासारखे. मधल्या चाकोऱ्या वर्षभरात गवताने झाकून टाकल्या होत्या. मी या कुरणात अख्खा हिवाळा उभा होतो. एकदाही बघितलं नव्हतं.

नेव्हिल केबिनमधून उतरला.  पोर्क पाय खात नव्हता.

मग तारेच्या कुंपणापलीकडे रोझमंडबाई. हातात काठी, नवीनच. म्हणाल्या, सुप्रभात. मी म्हणालो, सुप्रभात. त्या म्हणाल्या, एक विचारायचं होतं. इतकी वर्षं या शेताकडे खिडकीतून बघते, पण एका वरंब्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी चाललेच नाही. रोज वाटायचं, उद्या जाऊ. एकदा जाऊ का? जास्त वेळ घेणार नाही.

मी म्हणालो, विचारून सांगतो.

गॅविनला फोन केला. त्याने विचारलं, हेल्मेट आहे का बाईंकडे? सुरक्षेचे बूट? साइटवर शिरायचं तर सुरक्षेचा वर्ग करावा लागतो, राजा. सोमवारी सकाळी आहे, पाठवून दे. मी म्हणालो, सोमवारपर्यंत हा तुकडा राहणार नाही. तो म्हणाला, नियम मी केलेत का?

परत आलो. किल्ली माझ्या खिशात होती. गेटवर मी होतो आणि नेव्हिल होता, आणि नेव्हिल मुद्दाम दुसरीकडे बघत होता. मी म्हणालो, काय आहे रोझमंडबाई, सुरक्षेचा प्रश्न आहे. तुमच्याच काळजीपोटी. आत खड्डे आहेत.

त्यांनी शेताकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाल्या, हो ना, तुमची नोकरी आहे. थंडीत फार उभे राहू नका. आणि काठी टेकत घराकडे वळल्या. दार बंद झाल्याचा आवाज आला.

नेव्हिल केबिनमध्ये चढला. मशीन सुरू केलं, पुढचा पंजा खाली आणला आणि थांबला. नियमाप्रमाणे माझ्या खुणेशिवाय सुरू करता येत नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

नको म्हणून हात आडवा करणार होतो. तसं मनात पक्कं होतं. पण बोटं गारठली होती. अंगठा तेवढा वर आला.